आत्याची थिअरी

मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा राजधानीला लागतात तशा इमारती गावात नव्हत्या. म्हणून सरकार एका जुन्या दवाखान्यात बसवलं गेलं, आणि भोपाळहून वाटणीत आलेल्या बाबांना तिथं जे टेबल मिळालं ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, बाळंतिणींच्या वॉर्डात होतं. फिनेलचा वास फायलींना लागलेला असायचा. संध्याकाळी बाबा घरी आले की आधी तो वास यायचा आणि मग बाबा. आईलाही त्याच वाटणीत रायपूरच मिळालं, म्हणून आम्ही सगळे एकत्र आलो. बाबांच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत नवरा इकडे आणि बायको तिकडे असं झालं होतं. चौबे कॉलोनीत खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे एक चिंचोळा व्हरांडा, त्यात कूलर आणि बाबांची स्कूटर शेजारीशेजारी. उन्हाळ्यात त्या कूलरची घरघर इतकी सवयीची झाली होती, की लाइट गेली आणि ती थांबली की आम्ही सगळे एकदम गप्प व्हायचो, जणू कोणी खोलीतून उठून गेलं.

घरात चौथी होती सुनंदाआत्या. बाबांची धाकटी बहीण. आजी अंथरुणाला खिळली होती तितकी वर्षं दर्यापूरच्या घरात तिचं सगळं आत्यानं केलं, आणि आजी गेली तेव्हा आत्याच्या लग्नाचं वय उलटून गेलंय असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. बाबा तिला आमच्याकडे घेऊन आले. ती आली आणि दुसऱ्या दिवशीपासून स्वयंपाकघर तिचं झालं. कोणी दिलं नाही, तिनं मागितलं नाही. आई डबा घेऊन ऑफिसला जायची आणि परत आली की चहा तयार असायचा. आत्याच्या हातचं वांग्याचं भरीत, पाटवड्यांचा झणझणीत रस्सा, हिवाळ्यात लाखोळीच्या डाळीची भाजी. शेजारच्या साहूदीदींकडून ती तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरेही शिकली होती. पण बोलणं म्हणाल तर अगदी मोजकं. बाबा काही सांगायचे, तर ती 'हव' म्हणायची. हा छत्तीसगढी 'हव' तिला आल्या आल्या सापडला आणि फार आवडला असावा, कारण त्यात होकारही येतो आणि विषयही संपतो.

त्या काळात रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची. परदेशी होती, हिंदीत डब केलेली, आणि हिंदीत तिचं नाव ठेवलं होतं 'नौवाँ मोड़'. एका उंच डोंगरावर वेधशाळा असते. तिथून खाली गावाकडे जाणाऱ्या घाटाला आठ वळणं असतात. एके दिवशी सकाळी आकाशातून दारावर टकटक केल्यासारखा आवाज येतो, आणि तेव्हापासून जो कोणी खाली जायला निघतो त्याला आठवं वळण संपल्यावर आणखी एक वळण लागतं. तिथं धुकं असतं. त्या धुक्यातून माणूस चालत राहतो आणि वेधशाळेच्याच मागच्या फाटकातून वर येतो; पहिल्याच भागात निघालेला एक म्हातारा तेवढा परत येत नाही. बस, एवढंच. पुढचे सगळे भाग त्या अडकलेल्या माणसांचे. पाऊस नसताना भिजून येणारा कुत्रा, जुनीच गाणी लावणारा रेडिओ, कोणाच्याच घरून कधी न येणारा फोन. दर भागात एक गाठ सुटल्यासारखी वाटायची आणि दोन नव्या बसायच्या. कॉलोनीतली आम्ही पोट्टेपोट्टी त्या मालिकेनं पार वेडी झालो होतो. सोमवारी ट्यूशनला गणितं राहायची बाजूला आणि हिंदीत वाद सुरू व्हायचे, की ये सब मर चुके हैं, की ये दरअसल अंतराळयान है, की सब कुत्ते के सपने में चल रहा है.

मी बारावीत होते. चौकातल्या सायबर कॅफेत ट्यूशनच्या नोट्स काढायला जाते असं सांगून मी जायची ते खरं तर एका इंग्रजी फोरमवर. जगभरातले लोक तिथं त्या मालिकेची चिरफाड करत बसलेले असायचे. कोणी भिंतीवरच्या घड्याळांचे फोटो लावायचा, कोणी त्या टकटकीचा अर्थ तारेच्या भाषेत काढायचा. ते वाचून मी घरी यायची आणि आत्यासमोर ओट्याला टेकून सगळं मराठीत सांगायची. आत्या भाकरी थापत ऐकायची. आपल्या मुलांना आता हे सांगून खरं वाटत नाही, की एखादी गोष्ट वाचायची म्हणून दुकानात जाऊन रांगेत बसावं लागायचं आणि वाचलेलं डोक्यात भरून घरी आणावं लागायचं. सांडू नये म्हणून मी वाटेत कोणाशी बोलायची नाही.

एकदा असंच सांगत असताना, की फोरमवरच्या बहुतेकांना वाटतं या माणसांना कोणीतरी कैद केलंय, आत्या म्हणाली, "कैद नाई वाटत मले."

मी विचारलं, मग काय? तिनं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर धरावी तशी गॅसवर धरली, फुगू दिली आणि मग म्हणाली, "खाली काहीच उरलं नसन. गाव, मानसं, सगळंच गेलं असन. अन् डोंगराले ते त्यायले सांगवत नसन. म्हनून तो त्यायले वापस आनते."

आजही तो क्षण मला जसाच्या तसा आठवतो. बाहेर साहूदीदींच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी एकेक गोष्ट तिच्या बोलण्याशी लावून पाहिली. रेडिओवर जुनीच गाणी, कारण नवी गाणारं कोणी राहिलं नाही. घरून फोन नाही, कारण घर नाही. रात्री दरीत एकही दिवा दाखवत नाहीत. सगळं बसत होतं. पण माझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळे नाही. आजवर सगळ्यांनी त्या डोंगराला दुष्ट ठरवलं होतं, आणि माझ्या आत्याला त्याची दया आली होती.

दुसऱ्या दिवशी मी ते फोरमवर लिहिलं. आत्या या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावं ते सुचेना; आँटी म्हटलं तर साहूदीदीसुद्धा आँटीच. मग मी रोमन लिपीत 'आत्या'च लिहिलं, की माझी आत्या असं म्हणते. उत्तरांचा पाऊस पडला. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी लिहिलं, की ही आजवरची सगळ्यांत सुंदर थिअरी आहे आणि आत्या हे कोण आहेत. मी घरी येऊन सांगितलं, तर आत्या लाजली आणि पदराला हात पुसत मागच्या अंगणात निघून गेली. बाबा हसले आणि म्हणाले, की आमची सुनी जगात पोचली, आमची फाइल अजून भोपाळहून आली नाही.

त्या उत्तरांत एक उत्तर रोमन लिपीतल्या मराठीत होतं. लिहिणाऱ्यानं आपलं नाव 'भट्टीवाला' ठेवलं होतं. त्यानं लिहिलं होतं, "आत्यांना सांगा, थिअरी चांगली आहे, पण चौथ्या भागातला धूर विसरल्या. दरीतून धूर निघताना दाखवला आहे. धूर आहे तर चूल आहे, चूल आहे तर माणूस आहे." खाली त्यानं लिहिलं होतं की तो इथंच, उरल्याला, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर इंजिनिअर आहे आणि पाळी संपल्यावर कॉम्प्युटरवर बसतो.

मी ते आत्याला सांगितलं. जेवणं झाली, भांडी झाली, आणि मी झोपायला निघाले तेव्हा ती म्हणाली, त्याले लिही, आग लागून गेल्यावरही कित्येक दिवस धूर निघते.

तिथून ते सुरू झालं. आठवड्यातून दोनदा मी आत्याचं म्हणणं घेऊन सायबरला जायची आणि भट्टीवाल्याचं म्हणणं घेऊन परत यायची. भट्टीवाल्याचं म्हणणं असं, की खाली सगळं जागच्या जागी आहे, लोक वाट पाहून राहिले आहेत; वर अडकलेल्यांनाच खाली जायची भीती आहे, आणि धुकं त्या भीतीचंच आहे. आत्याला ते पटायचं नाही. ती म्हणायची, भीती असती तर ते निघालेच नसते. मालिका पाहताना ती आता पुढे सरकून बसायची. आधी ती पोळ्या लाटता लाटता दारातून पाहायची, आता पोळ्या आधी व्हायच्या. बाबांनाही या न दिसणाऱ्या माणसाची गोडी लागली होती. ऑफिसातून आले की स्कूटर लावता लावता विचारायचे, काय म्हणते आज भट्टीवाला? आई मात्र या भानगडीत नसायची. ती पेपर वाचायची, माझ्या अभ्यासाचं विचारायची. आत्याशी तिचं कधी भांडण झालं नाही, पण दोघींच्या बोलण्यात एक अंतर असायचं. एकाच रुळावरच्या दोन गाड्यांसारख्या त्या एकमेकींना वाट देत घरात वावरायच्या.

मग एका रविवारी आम्ही टीव्हीसमोर बसलो आणि 'नौवाँ मोड़'च्या जागी विनोदाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या रविवारीही तोच. वाहिनीनं मालिका मधेच बंद केली होती. शेवट दाखवलाच नाही. कॉलोनीत अगदी सुतक पडल्यासारखं झालं. केबलवाल्या भैयाला पोरांनी इतकं पिडलं, की तो आमच्या गल्लीत यायचाच बंद झाला.

गणपतीत मराठी मंडळाच्या सभागृहात रोज काही ना काही असायचं. त्या वर्षी एका संध्याकाळचा गाण्यांचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. सेक्रेटरीकाका हवालदिल झालेले पाहून आम्ही पोरांनी सुचवलं, की 'नौवाँ मोड़ का शेवट' असा परिसंवाद ठेवा. काकांना मालिका माहीतच नव्हती, पण परिसंवाद या शब्दानं त्यांचं समाधान झालं. फलकावर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'विज्ञानमालिका आणि आपण'. वर गणपती, समोर खुर्च्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मागे दारापाशी चपलांचा ढीग, आणि हवेत उकडीच्या मोदकांचा वास. नागपूर-अमरावतीकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी कुटुंबं होती. त्यांची मुलं मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तरं द्यायची, त्यामुळे परिसंवाद अर्धा मराठीत, अर्धा हिंदीत आणि बराचसा आरडाओरडीत झाला.

मी आत्याची थिअरी वाचून दाखवणार होते; तसं फोरमवरही कळवलं होतं. तिनं स्वतः बोलायला साफ नकार दिला होता. माझं वाचून झालं, टाळ्या पडल्या, आणि इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलानं उठून विचारलं, की डोंगराला जर खरंच त्यांची दया आली आहे, तर मग पहिल्या भागात निघालेला तो म्हातारा परत का नाही आला? त्याला डोंगरानं का जाऊ दिलं? मी गडबडले. हे मला सुचलंच नव्हतं. मी कागद उलटासुलटा करत उभी राहिले, आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"त्याले माहीत होतं म्हनून."

आत्या उभी राहिली होती. तिची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. सेक्रेटरीकाकांनी माइक घेऊन यायची खूण केली. मला वाटलं ती खाली बसेल. पण ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली, माझ्या हातातला माइक घेतला आणि गणपतीकडे थोडी पाठ होते म्हणून तिरकी उभी राहून बोलू लागली. तो म्हातारा निघताना सामान घेत नाही, ती म्हणाली. सगळे सामान घेऊन निघतात, तो नुसता निघतो. त्याले माहीत आहे खाली कोनी नाई. ज्याले माहीत आहे, त्याच्यापासून काय लपवायचं? मग ती त्या रेडिओविषयी बोलली, कुत्र्याविषयी बोलली. मधेच एकदा ती हसली. मी बाबांकडे पाहिलं. ते पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या-चौथ्या रांगेत होते आणि त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मला वाटतं, आपल्या बहिणीला एका दमात इतकं बोलताना त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

तिचं संपलं तेव्हा मागे चपलांपाशी उभा असलेला एक माणूस पुढे आला. चाळिशी ओलांडलेला, उंच, हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक काळे डाग. त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई, सगळं बरोबर. पन धूर विसरल्या तुमी पुन्हा."

आत्या त्याच्याकडे पाहत राहिली. मग माइक तोंडाशी तसाच धरून तिनं विचारलं, "भट्टीवाले?"

सभागृहातल्या कोणालाच काही कळलं नाही. आम्हाला तिघांना कळलं, आणि त्या माणसाला. तो मान हलवून हसला. पुढे दोघांनी धुरावरून जे सुरू केलं ते आरतीची घंटा वाजेपर्यंत चाललं, आणि सेक्रेटरीकाकांना शेवटी दोघांच्या मधे उभं राहून ताटं वाढल्याचं सांगावं लागलं.

त्यांचं नाव प्रभाकर गावंडे. मूळचे अचलपूरकडचे. बायको आजारात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाबांनी त्यांना आपणहून चहाला बोलावलं, आणि मग ते सुट्टीच्या दिवशी येऊ लागले. उरल्याची काळी धूळ त्यांच्या शर्टाच्या कॉलरवर असायची. येताना कधी पेरू आणायचे, कधी मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा. बाबांना ते लोखंड कसं ओततात ते सांगायचे, माझी भौतिकशास्त्राची गणितं सोडवून द्यायचे, आणि चहाचा कप रिकामा झाला की आत्याकडे वळून म्हणायचे, मग, काय ठरलं डोंगराचं? मालिका तर बंदच होती. पण या दोघांनी तिचे पुढचे भाग आमच्या व्हरांड्यात चालू ठेवले होते.

इथं एक सांगून टाकते. मागच्या वर्षी माझ्या मुलीनं त्या मालिकेचे राहिलेले भाग कुठून तरी शोधून दिले. मी एकटीनं ते सगळे पाहिले. शेवट असा आहे, की परग्रहावरच्या कोणीतरी माणसांवर केलेला तो एक प्रयोग असतो, आणि प्रयोग संपल्यावर ते यंत्र बंद करून निघून जातात. मी आत्याला फोन करून सांगितलं. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यायले समजलीच नाई आपली गोष्ट." मग फोन हातात तसाच धरून तिनं मोठ्यानं गावंडेकाकांना सांगितलं, आणि ते मागून ओरडले, की धुराचं काय म्हणतात?

दिवाळीनंतरच्या एका सकाळी गावंडेकाका लवकर आले. आत्या बाजारात गेली होती. त्यांनी चहा नको म्हटलं, व्हरांड्यात बाबांच्या समोर बसले आणि सरळ विचारलं, की सुनंदाताईंची हरकत नसेल तर मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. मी आतल्या खोलीत होते. बाबा म्हणाले, विचारून सांगतो. ज्या माणसाची ते स्कूटर लावता लावता चौकशी करायचे, तो आता खरोखर समोर येऊन बसला होता, आणि बाबांना तो नको होता. आईला ते रात्री सांगत होते, की या वयात हे काय, लोक काय म्हणतील, दर्यापूरला काय सांगू. आई ऐकत होती. बाबा वाईट नव्हते हो. बहिणीचं आपण सगळं केलं, तिला काही कमी पडू दिलं नाही, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट होतं, की तिला आणखी काही हवं असेल हाच त्यांना धक्का होता.

पण बाबांना नाही म्हणावंच लागलं नाही. त्यांनी विचारलं, तर आत्याच म्हणाली, नको. मंजूची बारावी आहे, वहिनींची नोकरी आहे, घर कोन पाहीन. एवढं बोलून ती दळण आणायला गेली. बाबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आला असेल. आत्याशिवाय ते घर मला कल्पनेतही दिसत नव्हतं. गावंडेकाका यायचे थांबले. आत्या पहिल्यासारखीच सगळं करत होती, भाकरी तशीच फुगत होती, आणि बाबांच्या प्रत्येक बोलण्यावर पुन्हा 'हव' येऊ लागलं होतं.

आठवडाभरानं एके दिवशी आई दुपारीच घरी आली, अर्धी रजा टाकून. पर्स खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्यासमोर जमिनीवर बसली. आत्या शेंगा सोलत होती. मी दारापाशी पुस्तक घेऊन होते. आईनं मला तिथून उठवलं नाही. मुद्दामच उठवलं नाही असं मला आता वाटतं.

"सुनंदाताई," आई म्हणाली, "मंजूची बारावी नसती, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

आत्या शेंगा सोलत राहिली.

"मग मंजूचं नाव पुढे करू नका. आज तिला काही वाटणार नाही. पण मोठी झाल्यावर तिला हे कळेल, आणि तेव्हा ती ते कुठे ठेवणार? आणि माझंही नाव नको. तुम्ही आल्यापासून मी एकदा तरी म्हटलं का, की आज मी करते? तुम्हाला आवडतं असं मी धरून चालले. माझ्या सोयीचं होतं ते."

आत्या हळू आवाजात म्हणाली, "आवडत नाई असं नाई, वहिनी. पन दुसरं काय आवडते ते कोनी इचारलं नाई. अन् मीबी सांगतलं नाई."

"मी विचारते आहे," आई म्हणाली.

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती रडू लागली. आवाज न करता, खाली मान घालून, परातीतल्या दाण्यांवर. आईनं तिच्या पुढ्यातली परात आपल्याकडे ओढून घेतली आणि राहिलेल्या शेंगा सोलायला लागली. माझ्या आईला शेंगा सोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं. फार हळू सोलायची ती. आत्या डोळे पुसत तिच्याकडे पाहत होती, आणि थोड्या वेळानं म्हणाली, तशी नाई वहिनी, शिरेच्या बाजूनं दाबा. दोघी हसल्या. मी पुस्तकात तोंड घातलं, पण अक्षरं कुठली दिसतात.

बाबांना आईनंच सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार लावलेलं होतं. बाहेर आले तेव्हा बाबांनी मला गावंडेकाकांचा कारखान्यातला नंबर विचारला. लग्न माघात झालं, मंडळाच्याच सभागृहात, पन्नासेक माणसांत. आईनं आत्यासाठी जांभळी साडी आणली, साहूदीदींनी ठेठरी-खुरमीच्या फराळाचे डबे भरून पाठवले. बाबांनी सगळं रीतसर केलं, कन्यादानाला बसले, पंगतीत आग्रह केला. पण त्यांचं मन तिथं नव्हतं. आत्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच मंडपवाल्याशी खुर्च्यांविषयी बोलू लागले.

नंतरचे महिने आमच्या घराला फार जड गेले. आईच्या पोळ्या कडक व्हायच्या, भातात पाणी राहायचं. सकाळी साडेआठला तिघंही एकमेकांवर चिडलेले असायचो. बाबा ताटावर बसले की मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत. पुढे ते स्वतः सकाळचा चहा करू लागले, मग डाळीला फोडणी द्यायला शिकले, आणि एका रविवारी त्यांनी भरीत केलं, वांगं नीट न भाजलेलं. मी माझी परीक्षा दिली. आत्या सणावाराला येऊन जायची. आई तिला उठू द्यायची नाही, जे जमेल ते गरम गरम वाढायची. बाबा तिची विचारपूस करायचे, पण तिच्याकडे जायचं काढलं की त्यांना ऑफिसचं काम निघायचं.

निकाल लागला त्या दिवशी मी हट्ट धरला, की पेढे आत्याला मी स्वतः नेऊन देणार. उरल्याला जाणारी ऑटो मिळेना. बाबांनी स्कूटर काढली. मी मागे बसले. गाव मागे पडलं तशी ट्रकांची रांग लागली आणि हवा करपट झाली. झाडांची पानंसुद्धा काळी होती. बाबा म्हणाले, कुठं आनून टाकली पोरीले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

कारखान्याच्या वसाहतीतलं शेवटचं घर. अंगणभर पाणी मारलेलं, तारेवर वाळत घातलेले कपडे धुळीनं माखू नयेत म्हणून त्यांच्यावर जुनी चादर. आतून आत्याचा आवाज येत होता. मोठा, भरभरून, कोणाला तरी काहीतरी पटवून देणारा. शेजारची बाई दारात उभी राहून ऐकत होती. बाबा फाटकाशी थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू विचारत होते की हे घर तिचंच ना.

तिनं आम्हाला पाहिलं आणि धावत आली. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. गावंडेकाका पाळीवर होते, पण तिनं त्यांच्या वाट्याचं झाकून ठेवलं आणि आम्हाला वाढलं. बाबा खाली मान घालून जेवले. निघताना ते म्हणाले, की आता ते भनपुरीवरून सरळ जातील, तो रस्ता जवळचा.

"जवळचा नाई तो, दादा," आत्या म्हणाली. "तिकडं रस्ता खोदून ठेवला आहे. तू इकडून जाय."

बाबा म्हणाले, मी याच रस्त्यानं आलो. आत्या म्हणाली, आलास, पन चूक आलास. बाबा म्हणाले, मले रायपूर तुह्यापेक्षा जास्त माहीत आहे. आत्यानं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, रायपूर असन, उरला नाई. असं ते स्कूटरच्या दोन बाजूंना उभे राहून पाचेक मिनिटं भांडले, आणि शेवटी बाबांनी तिचं ऐकलं. वाटेत त्यांचे खांदे हलताना मला मागून दिसत होते, आणि मी वाकून पाहिलं तर ते हसत होते.

घरी पोचलो तेव्हा आई व्हरांड्यात उभी होती. तिनं काही विचारायच्या आत बाबांनी स्कूटरवरून उतरता उतरताच तिला सांगितलं. पोरीचा चांगला निकाल लागला की बाप शेजाऱ्यांना सांगत फिरतो ना, अगदी त्याच आवाजात.

"सुनी भांडली आज माह्याशी," ते म्हणाले. "चांगली भांडली."